परत आलेल्या पावत्यांचा माग : ‘स्वाक्स’ या मेल-तपासणी साधनाचे परीक्षण

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात सोयाबीनचा काटा झाला की त्या कास्तकाराच्या नावाने काटापावती निघते, आणि मालाची रक्कम खात्यात जमा झाली की हिशोबपट्टी निघते. दोन्ही कागद छापून हातात दिले जातात. परंतु वजन, ओलावा, काडीकचऱ्याची कपात, दर आणि हमाली यांचे आकडे असलेला तो कागद घरी पोचेपर्यंत कधी घामाने भिजतो, कधी ट्रॅक्टरच्या सीटखालीच राहून जातो. शिवाय शेतीचा हिशोब ठेवणारा मुलगा अनेक घरांत पुण्याला किंवा नागपूरला नोकरीवर असतो. म्हणून तीच पावती ईमेलनेही पाठवण्याची सोय आम्ही केली. हा मेल म्हणजे त्या माणसाच्या त्या दिवसाच्या व्यवहाराचा पुरावा असतो, आणि तो पोचला नाही तर काट्यावरचा विश्वास हलतो. कंपनीचा हिशोब आणि संगणकाचे काम माझ्याकडे असल्यामुळे न पोचलेल्या प्रत्येक पावतीचा जाब मला विचारला जातो, आणि तो मलाच विचारला जाणे योग्य आहे.

गेल्या हंगामात हा जाब रोज विचारला जाऊ लागला. “ताई, काटा झाला, माल गेला, पैसे बी आले, मंग पावती काऊन नाई आली?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेलसाठी एकच रकाना आहे आणि त्यात ‘पाठवले’ किंवा ‘अयशस्वी’ एवढेच लिहून येते. का अयशस्वी, कोणी नाकारले, चूक कास्तकाराच्या पत्त्यात आहे की आमच्या सर्व्हरमध्ये, यांपैकी काहीही तिथे कळत नाही. वास्तविक मेल नाकारला गेला की त्याचे कारण सांगणारी सूचना पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत येते. परंतु आमच्या आधीच्या संगणक सेवा पुरवठादाराने परतीचा म्हणून जो पत्ता बसवून ठेवला होता, त्या नावाचा मेलबॉक्स कधी तयारच केलेला नव्हता. त्यामुळे परत आलेल्या सूचनाही कुठे उतरू शकत नव्हत्या. दोन हंगामांची कारणे अशी वाऱ्यावर गेली.

या अडचणीतून मार्ग काढताना ‘स्वाक्स’ हे साधन हाती लागले, आणि सहा-सात महिने ते नियमित वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ‘स्विस आर्मी नाइफ फॉर एसएमटीपी’ या लांबलचक नावाचे ते लघुरूप आहे. एसएमटीपी म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल पोचवण्याची ठरलेली रीत. जॉन जेटमोर यांनी ते लिहिले असून ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोफत मिळते. पर्ल भाषेतील ती एकच फाईल आहे. डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या सर्व्हरवर एका कमांडने ती बसते. विंडोजच्या लॅपटॉपवर आधी पर्ल बसवून घ्यावे लागते. बटणे, खिडक्या, रंगीत आलेख असे त्यात काहीच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि खाली उमटणारे उत्तर वाचायचे, एवढाच त्याचा कारभार आहे.

ते उत्तर काय असते, हे नीट सांगितले पाहिजे, कारण या साधनाची सारी किंमत त्यातच आहे. मेल पोचवताना दोन सर्व्हर एकमेकांशी अक्षरशः बोलतात. पाठवणारा आपले नाव सांगतो, कोणाकडून आलो ते सांगतो, कोणाला द्यायचे ते सांगतो, आणि मग मजकूर देतो. या प्रत्येक बोलण्यावर समोरचा तीन अंकी आकडा आणि त्यापुढे काही शब्द असे उत्तर देतो. काट्यावर मापारी प्रत्येक कट्ट्याचे वजन मोठ्याने पुकारतो आणि लिहिणारा ते लिहून घेतो, तसाच हा क्रम आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ही बोलण्याची रीत लिहून ठेवली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). आज चालते ती त्याच रीतीची २००८ मधली आवृत्ती, आरएफसी ५३२१. स्वाक्स पाठवणाऱ्याची भूमिका घेते आणि हे सारे संभाषण ओळीमागून ओळ पडद्यावर मांडते. आपल्या बाजूच्या ओळीला उजवीकडे जाणारा बाण असतो, समोरच्याच्या ओळीला डावीकडे येणारा. संभाषण कूटबद्ध झाले की बाणाची सरळ रेघ नागमोडी होते, आणि समोरच्याने नकार दिला की त्या ओळीच्या बाणात तारका उमटते. तारकेची ओळ सापडली की नकार कोणत्या पायरीवर आला ते कळते. पत्ता सांगितल्याबरोबर आला, की मजकूर दिल्यानंतर आला? निदानाची निम्मी बाजू या एका प्रश्नात असते.

उरलेली निम्मी बाजू आकड्यात असते. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘सध्या नाही, थोड्या वेळाने या’, आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. त्यामागे बहुधा टिंबांनी जोडलेले आणखी तीन अंक असतात. त्यांची पद्धत २००३ च्या आरएफसी ३४६३ मध्ये ठरलेली आहे. त्यांतला मधला अंक मला सर्वांत कामाचा वाटतो. तो १ असेल तर दोष पत्त्यात, २ असेल तर समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये, ४ असेल तर वाटेत म्हणजे जाळ्यात, आणि ७ असेल तर सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने नकार, म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच मांडणीत खोट. हा एवढा तक्ता मी काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवला आहे, आणि आता गोदामातला वजन नोंदवणारा मुलगासुद्धा त्यावरून अंदाज सांगतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एका सकाळी शेजारच्या गावचे एक वयस्कर कास्तकार मोबाईल घेऊन काउंटरवर आले. त्यांच्या एकाही काट्याची पावती मेलवर पोचली नव्हती. “मोबाईलात सारं येते बाई, तुमचीच पावती येत नाई,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात राग होता. मी त्यांना खुर्ची दिली, सर्व्हरवर प्रवेश केला आणि त्यांच्या अर्जावरचा पत्ता घालून स्वाक्स चालवले. सोबत ‘क्विट-आफ्टर’ हा पर्याय देऊन, पत्ता सांगण्याची पायरी झाली की थांबायचे, असे सांगितले. अशा तपासणीत प्रत्यक्ष मेल जात नाही. समोरचा सर्व्हर हा पत्ता ओळखतो का एवढेच विचारले जाते. दोन सेकंदांत उत्तर आले. तारका असलेल्या सलग ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला ५५० आणि ५.१.१, आणि अर्थ असा की ज्या खात्याला तुम्ही मेल पाठवत आहात ते खाते अस्तित्वात नाही. पत्त्यात काही चूक किंवा जादा मोकळी जागा तर नाही ना, ते तपासा.

मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवले. “काकाजी, या नावाचं घरच नाही म्हणते ते.” त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. उलगडा असा झाला की अर्ज भरताना दिलेला पत्ता आधीच्या मोबाईलचा होता. नवा मोबाईल दिग्रसला घेतला तेव्हा दुकानदाराने जुना पासवर्ड कोणाला आठवत नाही म्हणून नवीनच आयडी उघडून दिला, आणि जुना आयडी तेव्हापासून कोणी उघडलाच नव्हता. हे आमच्या भागात घरोघरी घडते. मोबाईल बदलला की आयडी बदलतो, आणि अर्जावर मात्र पहिलाच राहतो. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने आखले असून डिसेंबर २०२३ पासून ते अमलात आणले आहे, त्यामुळे अशा विसरलेल्या पत्त्यांची संख्या कमी होण्याचे चिन्ह नाही. काकाजींच्या मोबाईलमध्ये जीमेल उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवले तेव्हा चालू आयडी दिसला. तो घालून पुन्हा तपासले. या वेळी उत्तर २५० ने सुरू झाले, म्हणजे होकार. हंगामातल्या सगळ्या पावत्या मी तिथेच पुन्हा पाठवल्या आणि त्यांच्या हातातला मोबाईल एकामागून एक वाजत राहिला. त्यांनी प्रत्येक पावतीवरचे वजन खिशातल्या वहीशी ताडून पाहिले आणि मगच ते उठले.

५.१.१ हा आकडा पत्ता चुकला की खाते मिटले हा फरक मात्र सांगत नाही. तो फरक माणसाला विचारूनच कळतो. चुकलेल्या पत्त्यांचे नमुनेही पाहण्यासारखे निघाले. जीमेलच्या इंग्रजी अक्षरांची अदलाबदल, शेवटच्या ‘कॉम’मधले अखेरचे अक्षर चुकणे, हे अपेक्षितच होते. एका पत्त्याने मात्र मला बराच वेळ अडवून धरले. छापील यादीत तो निर्दोष दिसत होता, आणि त्या सभासदाने स्वतःच्या मोबाईलवर दाखवलेला पत्ताही अगदी तोच होता. स्वाक्सच्या पडद्यावर, पत्ता सांगण्याच्या ओळीत, तो इंग्रजी अक्षरांच्या मधोमध उठून दिसला : जन्मसालाचे चार अंक देवनागरी होते. अर्ज मोबाईलवर भरताना मराठी कीबोर्ड चालू राहिला होता, आणि आमच्या यादीचा फॉन्ट सगळेच अंक मराठी दाखवत असल्यामुळे तो फरक डोळ्यांना कळतच नव्हता. देवनागरी अक्षरांतले पत्ते मेलच्या नियमांना वर्ज्य नाहीत, त्यांच्यासाठी २०१२ पासून वेगळी तरतूद आहे. पण ज्याचा आयडी इंग्रजी अंकांनी उघडला आहे त्याला मराठी अंकांनी हाक मारली तर तो मेल त्याचा होत नाही.

मेलबॉक्स भरल्याचे नकारही बरेच आले. त्यात मधला अंक २ असतो. सुरुवातीला ४५२ असेल तर मेल रांगेत थांबतो, ५५२ असेल तर तिथेच परत फिरतो. गूगलच्या मोफत खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा असते, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जाऊ लागला. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ सुप्रभाताचे व्हिडिओ येतात तिथे ही जागा भरायला वेळ लागत नाही. अशा सभासदांना आम्ही बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची खूण दाखवून देतो.

आता ज्या प्रकरणामुळे या साधनाचा मोठेपणा मला खऱ्या अर्थाने पटला ते सांगते. नोव्हेंबरच्या मध्यात, काटे सर्वांत जास्त होत असताना, जीमेलच्या चांगल्या चालू पत्त्यांवरचे मेल परत येऊ लागले. तेही सगळे नव्हे, साधारण निम्मे. एकाच माणसाला सकाळची पावती मिळे आणि दुपारची मिळत नसे. गोदामात सर्वांनी दोष भारनियमनाला दिला. आमच्याकडे लाईट जाते हे खरे. परंतु मेल पाठवणारा आमचा भाड्याचा सर्व्हर मुंबईत आहे, त्याचा दारव्ह्याच्या फीडरशी काही संबंध नाही. मी नेहमीप्रमाणे क्विट-आफ्टरचा पर्याय देऊन तपासले, तर प्रत्येक पत्त्याला होकार. इथे मी दोन दिवस गमावले, आणि ते का गमावले हे नव्याने वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे. पत्त्याच्या पायरीवर होकार मिळाला म्हणजे मेल स्वीकारला जाईलच असे नाही. पाठवणाऱ्याच्या ओळखीची तपासणी बहुधा मजकूर पूर्ण दिल्यानंतर होते, आणि अर्ध्यावर थांबणाऱ्या तपासणीत तो नकार दिसूच शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सर्व्हरवर मेल पाठवण्याचे काम करणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामची नोंदवही उघडून परत आलेल्या आणि पोचलेल्या मेलच्या ओळी शेजारीशेजारी लावल्या. पोचलेल्या मेलच्या ओळीत जीमेलच्या सर्व्हरचा पत्ता चार अंकगटांचा, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी (आयपी) पत्त्यांच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचा होता. परतलेल्यांच्या ओळीत तो विसर्ग-चिन्हांसारख्या टिंबजोड्यांनी तोडलेला लांब, नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा होता. शंका आली, पण ती पक्की करणे नोंदवहीला जमत नाही, कारण ती घडून गेलेले सांगते. तोच प्रसंग आपल्याला हवा तसा पुन्हा घडवून पाहता येत नाही. स्वाक्समध्ये ते करता आले. या साधनाला उणे-चार असा पर्याय दिला की ते फक्त आयपीव्ही४ च्या वाटेने जाते, उणे-सहा दिला की फक्त आयपीव्ही६ च्या. माझ्याच जीमेल पत्त्यावर, तोच मजकूर, एका मिनिटाच्या अंतराने दोन्ही वाटांनी पूर्ण पाठवला. पहिल्या वाटेने २५०. दुसऱ्या वाटेने, मजकूर देऊन झाल्यावर, तारकेची ओळ : ५५० ५.७.२५, आणि अर्थ असा की ज्या आयपी पत्त्यावरून हा मेल येत आहे त्याची पीटीआर नोंद नाही, किंवा ती नोंद ज्या नावाकडे बोट दाखवते ते नाव उलट या पत्त्याकडे येत नाही.

नावावरून आकडा काढणे हे डीएनएसचे, म्हणजे इंटरनेटच्या नामसूचीचे, रोजचे काम. आकड्यावरून नाव काढणे हे त्याचे उलट काम, आणि त्यासाठी पीटीआर नोंद लागते. सात-बाऱ्यावर नाव आहे पण त्या नावाने चौकशी केली तर गट क्रमांक जुळत नाही, अशा स्थितीत तलाठी जसा थांबतो तसाच समोरचा सर्व्हर थांबतो. आमच्या आयपीव्ही४ पत्त्याची ही नोंद होती. आयपीव्ही६ पत्ता सर्व्हरसोबत आपोआप आलेला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. पोस्टफिक्स मूळ मांडणीत दोन्ही वाटांना सारखेच मानतो, त्यामुळे कधी ही तर कधी ती वाट धरली जात होती, आणि म्हणूनच निम्मे मेल परतत होते. जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या सर्वांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून ज्या अटी लागू आहेत, त्यांत ही पीटीआर नोंद येते, आणि एसपीएफ (आपल्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी किमान एक ओळखही येते. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात आणि वर डीएमएआरसीही (या ओळखी जुळल्या नाहीत तर मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद) लागते. आमच्यासारख्या दिवसाला काहीशे मेल पाठवणाऱ्या लहान संस्थेला वाटते की हे मोठ्यांचे नियम आहेत, परंतु पहिला भाग आपल्यालाही तेवढाच लागू आहे.

त्या संध्याकाळी पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरण्यास सांगून गळती थांबवली. पुढच्या आठवड्यात आयपीव्ही६ ची उलट नोंद करून घेतली, सर्व्हरच्या नावाला तो पत्ता जोडला, आणि आमच्या वतीने कोणी मेल पाठवावा हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत त्याचाही समावेश केला. मग पुन्हा उणे-सहा. २५० दिसल्यावरच मी दुसरी वाट उघडली.

आता मर्यादांविषयी. पहिली मर्यादा अशी की स्वाक्स थेट जीमेलकडे मेल नेते तेव्हा त्यावर आपली डीकेआयएम सही नसते, कारण ती सही आपल्या सर्व्हरवरची वेगळी यंत्रणा करत असते. त्यामुळे थेट तपासणीचा निकाल आणि खऱ्या पावतीचा निकाल वेगळा येऊ शकतो. सहीसकट तपासायचे असेल तर स्वाक्सला मेल आपल्याच सर्व्हरकडे द्यायला सांगावे लागते, आणि मग पडद्यावर दिसणारे २५० हे फक्त आपल्या सर्व्हरने मेल रांगेत घेतल्याची पोच असते. जीमेलचे उत्तर नोंदवहीतच शोधावे लागते. हे लक्षात न घेता अनेकजण चुकीचा निष्कर्ष काढतील असे मला वाटते.

दुसरी मर्यादा चिकाटीची. एका बँक शाखेच्या पत्त्यावर स्वाक्सने ४५१ दाखवले आणि मी तो पत्ता बाद ठरवणार होते. प्रत्यक्षात त्या सर्व्हरची रीत अशी होती की अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा परत पाठवायचे आणि काही वेळाने तोच पुन्हा आला तर आत घ्यायचे. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे खरे मेल तिथे पोचतच होते. स्वाक्स मात्र एकदा विचारते आणि थांबते. ४ ने सुरू होणाऱ्या उत्तरावर कोणताही पत्ता बाद ठरवू नये.

काही सर्व्हर पत्त्याच्या पायरीवर सगळ्यांनाच होकार देतात आणि नकाराची सूचना नंतर मेलने पाठवतात. अशा ठिकाणी हे साधन काही सांगू शकत नाही. त्यासाठी परतीचा मेलबॉक्स खरा असणे आणि तो रोज वाचला जाणे हाच उपाय आहे. आम्ही तो आधी सुरू केला. तसेच, घरगुती किंवा मोबाईलच्या इंटरनेटवर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेलच्या ये-जा करण्याचे दार, बहुधा बंद असते, त्यामुळे गोदामातल्या लॅपटॉपवरून थेट तपासणी करायला गेले तर ती जोडणीच्या पायरीवरच अडते. हे काम ज्या सर्व्हरवरून मेल जातात तिथूनच करावे. निकालही तिथूनच खरा येतो.

एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. पासवर्ड देऊन तपासणी केली तर तो पासवर्ड पडद्यावरच्या संभाषणात बेस६४ रूपात उमटतो. तो कूटबद्ध नसतो. कोणालाही एका झटक्यात उलगडता येतो. मदत मागण्यासाठी लोक हा मजकूर जसाच्या तसा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, आणि त्यासोबत पासवर्डही जातो. ‘ऑथ-हाइड-पासवर्ड’ हा पर्याय दिला की तिथे दुसरे शब्द दिसतात. तो पर्याय मूळ मांडणीतच असायला हवा होता, असे माझे मत आहे. आणि पत्त्यांची मोठी यादी घेऊन अशी तपासणी यंत्रासारखी चालवू नये. मोठ्या मेल सेवा तसे करणाऱ्याला संशयिताच्या यादीत टाकतात आणि मग आपल्या खऱ्या पावत्याही अडतात. आम्ही फक्त आमच्या सभासदांचे, तक्रार आलेले पत्ते, एकेक करून पाहतो.

याच कामासाठी पोस्टफिक्सच्या नोंदवहीचा गोषवारा काढणारे पीएफलॉगसम हेही साधन मी वापरते. दिवसभरात किती मेल परतले आणि कोणत्या कारणाने, याचा एकत्रित ताळा त्यात मिळतो, जो स्वाक्समध्ये मिळत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत : सकाळी ताळा पाहायचा, त्यातला जो पत्ता किंवा जो आकडा खटकेल तो स्वाक्सखाली धरायचा. ज्याला थोडे शेल स्क्रिप्ट लिहिता येते त्याला स्वाक्सची आणखी एक सोय आवडेल. काम संपताना ते पायरीनुसार वेगळा आकडा मागे ठेवते. पत्ता नाकारला असेल तर २४, मजकुरानंतर नाकारले असेल तर २६. त्यावरून आम्ही पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट केली आहे, जी काउंटरवर मराठीत ‘पत्ता तपासा’ किंवा ‘सर्व्हरकडे पाहा’ असे दाखवते.

साधनाची माहितीपुस्तिका विस्तृत आहे आणि उदाहरणेही आहेत, परंतु सगळी इंग्रजीत आणि जाणकारासाठी लिहिलेली. पाठवणाऱ्याचा पत्ता आपण दिला नाही तर ते संगणकावरचे आपले वापरनाव आणि यंत्राचे नाव जोडून पत्ता बनवते आणि त्यामुळे भलतेच नकार येतात, हे मला अनुभवाने कळले. पुस्तिकेत ते लिहिलेले आहे, पण नवख्याच्या डोळ्यांत भरेल अशा जागी नाही. ज्याच्याकडे स्वतःचा मेल सर्व्हर आहे अशा पतसंस्था, जिनिंग, शेतकरी कंपनी किंवा महाविद्यालयाच्या संगणक विभागाने हे साधन अवश्य बसवून घ्यावे. ज्यांचे मेल पूर्णपणे दुसऱ्या कंपनीच्या सेवेतून जातात त्यांनी आधी त्या सेवेच्या पानावरची परतीची नोंद वाचावी; समोरच्या सर्व्हरचे शब्द अनेकदा तिथेच जसेच्या तसे असतात.

तुरीचे काटे सुरू होण्याआधी आम्ही सभासद अर्जात एक बदल केला. पत्ता आता सभासदासमोरच टाइप होतो, अंक इंग्रजी आहेत ना ते पाहिले जाते, स्वाक्सने होकार घेतला जातो आणि एक कोरी पावती त्याच्या मोबाईलवर पाठवली जाते. ती त्याने स्वतः उघडून दाखवली की मगच अर्जावर सही होते. याला माणशी चार-पाच मिनिटे जास्त लागतात आणि काट्याच्या दिवशी रांग लांबते, म्हणून नव्या नोंदणीसाठी आता मंगळवार वेगळा ठेवला आहे.